बुलडॉगचं वजन

"आदी बगा, मंग बोला," असं म्हणून ती सागाच्या पानाची पुडी माझ्या टेबलावर ठेवायची. पुडी अशी नीट दुमडलेली आणि काडीनं टाचलेली, की बघणाऱ्याला वाटावं बाईनं रानातून करवंदं आणलीत. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं. आदिवासी वाडीवरची माणसं डॉक्टरकडे रिकाम्या हातानं येत नाहीत, हा माझा अनुभव. मी हसून "कशाला आणलंत एवढं?" म्हणत पुडी उघडली आणि तशीच मिटली. आत कुत्र्याची त्या सकाळची विष्ठा होती.

आता तुमच्याकडे कुत्रं असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्याचं पोट बिघडलंय हे डॉक्टरला सांगताना लोक किती आढेवेढे घेतात. "थोडं पातळ आहे" म्हणतात. थोडं म्हणजे किती आणि पातळ म्हणजे कसं, हे विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. या बाईचा कारभार चोख होता. शब्दांवर तिचा फारसा विश्वास नव्हता. जे आहे ते समोर ठेवायचं आणि डॉक्टरनं बघायचं. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतका प्रामाणिक केसपेपर मला कोणी दिला नव्हता, हे मी आज सांगू शकतो. त्या दिवशी मात्र मी नाकाला रुमाल लावला होता.

तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. मी तिला मावशी म्हणायचो. वयानं ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, चाळिशीची असेल. पण आपल्याकडे बाईच्या हातात दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या आल्या की ती मावशी होते. पळसदरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मुंबईच्या एका कुटुंबाचा काचेचा बंगला आहे, तिथे ती केअरटेकर होती. ती 'केरटेकर' म्हणायची. नवरा कधीच गेलेला. पदरात एक मुलगी, ती लग्न होऊन खालापूरकडे दिलेली. स्वतःची वाडी बंगल्याच्या बरोबर समोर, ओढ्यापलीकडच्या चढावर. बंगल्याच्या काचेतून तिला तिच्या झोपडीचं दार दिसायचं.

मी कर्जतला आलो तो गाई-म्हशींचा डॉक्टर म्हणून. दोन वर्षं काढायची आणि गावाकडे परतायचं, असं बायकोला सांगून आलो होतो. कडावच्या गोठ्यांमध्ये माझे दिवस बरे चालले होते. मग आसपास बंगले उठले आणि बंगल्यांबरोबर कुत्री आली. त्यांत बुलडॉग पाहिला की मला पहिल्यापासून कसंतरीच व्हायचं. नाक चेपून चेहऱ्यात बसवलेलं, श्वास घेताना घरघर, आणि तोंडावर लग्नात मानपान न मिळालेल्या मामासारखे भाव. हे जनावर जेवताना अन्नाबरोबर तेवढीच हवा गिळतं. मग पोट फुगतं, गॅस होतो, उलटी होते. त्यातून पोट मुळात नाजूक, एखादी वस्तू सोसली नाही की आठवडाभर जुलाब. ऊन सोसत नाही, दमट हवा सोसत नाही. हौसेनं आणलेलं, पण हवेशीच ज्याचं पटत नाही असं लेकरू.

या बुलडॉगचं नाव मालकांनी विन्स्टन ठेवलं होतं. बाई त्याला बाळ्या म्हणायची. बंगल्यात भिंतीवर कॅमेरे होते, त्यातून मालकीणबाई मुंबईहून बोलायच्या. त्या कॅमेऱ्यातून "विन्स्टन, विन्स्टन" करून दमायच्या, तो कान हलवायचा नाही. बाईनं नुसतं "बाळ्या रं" म्हटलं की ढेंगा टाकत हजर.

पहिल्या दिवशी तो पार उतरला होता. माझ्याकडे माणसांचाच वजनकाटा. कुत्र्याला त्यावर उभं करायचं म्हणजे दिव्य, म्हणून आमची पद्धत अशी, की आणणाऱ्यानं कुत्रं उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, आणि एकातून दुसरं वजा करायचं. बाईनं लाकडाची मोळी उचलावी तसा त्याला उचलला. दोघं मिळून चौसष्ट. ती एकटी शेहेचाळीस. म्हणजे बाळ्या अठरा. त्याच्या जुन्या कागदावर बावीस होतं. मी केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात 'बाई ४६' असं लिहून त्याभोवती चौकोन काढला, म्हणजे दर खेपेला तिला दोनदा चढवायला नको. तो चौकोन अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

विष्ठा तपासली, जंत नव्हते, दुसरं काही वाईटही नव्हतं. मग उरला तो अन्नाचा प्रश्न. अशा वेळी एकच उपाय असतो आणि तो औषधाहून अवघड असतो. कुत्र्यानं पूर्वी फारसं न खाल्लेलं एकच मांस आणि त्याबरोबर एकच धान्य निवडायचं, आणि आठ आठवडे दुसरा कणही द्यायचा नाही. मी बकऱ्याचं उकडलेलं मटण, मऊ भात आणि चमचाभर लाल भोपळा ठरवून दिला. दिवसातून तीनदा, थोडं थोडं, पसरट परातीत पसरून, म्हणजे तो हवा न गिळता सावकाश खाईल. दूध नाही, बिस्कीट नाही, चघळायचं हाड नाही.

"दुसरं काय देता का तुम्ही त्याला?" मी विचारलं.

"मी नाय देत. माज्या हातानं एक दाना नाय," ती म्हणाली, आणि बाळ्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाई खोटं बोलत नव्हती. हे मला नंतर कळलं.

मालकीणबाईंचा फोन आला. त्या वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मावशीला आषाढात सुट्टी हवी आहे. मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. मी द्यायला तयार आहे. पण विन्स्टनला ठेवणार कुठे? नेरळला एक जण कुत्री सांभाळतात, पण आजारी कुत्रं ते घेत नाहीत. पोट नीट आणि वजन पूर्वीसारखं बावीस, असं डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात. तेवढं तुम्ही बघा."

म्हणजे बाईची सुट्टी माझ्या सहीवर आली. पहिलटकरीण लेक माहेरी येणार, आणि माहेरी आई असायला हवी तर कुत्रा बावीस किलोचा व्हायला हवा. मी म्हटलं, होईल की, अडीच-तीन महिने आहेत. मला तेव्हा ते मोठं काही वाटलं नाही.

मे महिन्यात एकदा बाई पुडीशिवाय आली. रिक्षातून बाळ्याला मिठीत घेऊन उतरली तेव्हा त्याची जीभ निळी पडली होती. दुपारी ती जेमतेम अर्ध्या तासासाठी वाडीवर गेली होती. लेकीसाठी दोन गोधड्या शिवून ठेवल्या होत्या, त्या उन्हात घालायला. तेवढ्यात लाइट गेली, एसी बंद पडला आणि चारही बाजूंनी बंद काचेच्या खोलीत बाळ्या भाजून निघाला. ओली फडकी आणि पंखा लावून तो दोन तासांत सावरला. तो सावरला तसा माझा राग वर आला. मी तिला दवाखाना भरलेला असताना सुनावलं, "याला पुन्हा एकटं सोडलंत तर माझ्याकडे आणू नका. सरळ खड्डा खणा."

ती पदराच्या टोकानं बाळ्याच्या नाकावरच्या घडीतलं पाणी टिपत राहिली. त्यानंतर ती त्याला सोडून कुठेही गेली नाही. कुठेही म्हणजे अक्षरशः. बाजारहाट रिक्षावाला आणून द्यायचा. बुधवारी माझ्या दवाखान्यात यायचं, तेवढंच तिचं बाहेर पडणं, आणि तेही बाळ्याला मांडीवर घेऊन.

जूनमध्ये पोट काही थांबेना म्हणून मीच बंगल्यावर गेलो. आत पाऊल टाकलं आणि मला गुदमरल्यासारखं झालं. तशी जागा सुंदर, पुस्तकात फोटो छापावा अशी. पण एकही खिडकी उघडायची सोय नाही. बाहेर हिरवागार डोंगर आणि त्याचा वास आत नाही, ओढ्याचा आवाज आत नाही. भिंतीतून मध्येच मालकीणबाईंचा आवाज आला, "मावशी, कोण आलंय?" आणि बाईनं आधी पदर सारखा केला, मग भिंतीला उत्तर दिलं, "डाक्तर हाय, ताई." मला हसू आलं. तिला आलं नाही.

तिची जेवायची वेळ झाली होती. "तुमी बसा, मी दोन घास खाते," म्हणून ती स्वैपाकघरात फरशीवर बसली. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं लालभडक कालवण. पहिला तुकडा तिनं मोडला, कालवणात बुडवला आणि ताटाबाहेर फरशीवर ठेवला. बाळ्या न बोलावता आला, तुकडा उचलला, आणि शिस्तीत आपल्या जागी जाऊन बसला.

"मावशी!" मी जवळजवळ ओरडलोच. "काही द्यायचं नाही म्हणालो होतो ना?"

"मी कुटं काय दिलं?"

"हे आत्ता काय होतं मग?"

तिनं माझ्याकडे, अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "ते त्याचंच हाय. मानूस जेवाया बसला की पयला घास कुत्र्याचा असतो. आपला नसतोच तो. जो आपला नाय तो आपन देनार कसा? तो त्याचं घेऊन जातो."

बघा आता. माझ्या प्रश्नाचं तिनं अगदी खरं उत्तर दिलं होतं. दिवसातून दोनदा, सुकट आणि मिरचीत बुडवलेला एक घास, आणि माझे दोन महिन्यांचे कष्ट पाण्यात. मी तिला समजावून सांगितलं, की हा घासच त्याला मारतोय, तो आजपासून बंद. बंद म्हणजे बंद.

तिनं हातातली भाकरी ताटात परत ठेवली. मग म्हणाली, "मंग मी जेवायचं कसं?"

"म्हणजे?"

"तो बगत बसंल ना."

"मग तोंड फिरवून जेवा," मी म्हणालो आणि हसलो. बॅग उचलली. माझ्या दृष्टीनं रोग सापडला होता आणि मी खुशीत होतो. तिनं मला एक खराखुरा प्रश्न विचारला होता आणि मी त्यावर विनोद करून निघून आलो, हे कळायला मला महिनाभर लागला.

घास थांबला तसं आठवड्यात पोट थांबलं. बुधवारच्या पुडीत आता काय असायचं याचं वर्णन करत नाही. पण मी आणि बाई दोघं पुडीवर वाकून, जाणत्या सोनारांसारखे एकमेकांकडे बघून मान हलवायचो. बाळ्याच्या अंगावर तकाकी आली. मला पाहून तो शेपटीचं थोटूक हलवायला लागला. सगळं मनासारखं चाललं होतं, एक वजन सोडून.

वजन हलेना. बाई त्याला उचलून काट्यावर उभी राहायची, मी वाकून आकडा बघायचो. चौसष्ट. शेहेचाळीस वजा केले, अठरा. पुढच्या बुधवारी साडेचौसष्ट. साडेअठरा. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा चौसष्ट. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला की माझा हात सांगायचा, कुत्रा भरलाय. कागद सांगायचा, कुत्रा होता तिथेच आहे. माझ्या शिक्षणानं मी हातापेक्षा कागदावर विश्वास ठेवला.

"झालं का बावीस?" ती दर खेपेला विचारायची.

"नाही हो अजून. मटण पोटभर घालता ना?"

"पाटीभर घालते. परात चाटून पुसून खातो."

"मग चढत कसं नाही?"

"तुमालाच ठावं." मग बाळ्याला उचलून ती रिक्षात बसायची. आषाढ लागला. लेक खालापूरहून वाडीवर आली. आपल्या झोपडीत ती दिवस भरत आलेली एकटीच बसलेली आहे, शेजारणी तिचं बघताहेत, आणि संध्याकाळी ती दारात उभी राहून बंगल्याकडे हात हलवते, हे बाईनं मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून. "मी पन हात हलवते. तिला दिसतो का नाय कोन जाने. काच बाहेरनं आरशावानी दिसते."

लेकीला बंगल्यावर आणून ठेवा, असं मालकीणबाई स्वतः म्हणाल्या होत्या. लेक तयार नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरात व्हायला हवं, आईच्या मालकाच्या घरात नाही, असं तिचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. आणि एसीवाचून बाळ्याला झोपडीत ठेवणं धोक्याचं होतं.

आणि मग तो बुधवार. सकाळीच मालकीणबाईंचा फोन आला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, विचारू की नको कळत नाही. मी दर आठवड्याला एवढं मटण पाठवते. पोट नीट आहे, मग वजन का वाढत नाही? ते मटण... म्हणजे त्यालाच जातं ना?"

ही शंका मला स्वतःला शिवली नव्हती, असं म्हणालो तर खोटं होईल.

बाई आली. पुडी टेबलावर ठेवली. आज "आदी बगा" म्हणाली नाही. डोळे सुजलेले होते, ते मी पाहिले आणि झोप झाली नसेल असं धरून चाललो. ती काट्यावर चढली. चौसष्ट. मी अठरा लिहिलं, पेन खाली ठेवलं, आणि शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "मावशी, राग मानू नका. मटण सगळं त्यालाच घालता ना? घरात दुसरं कोणी खात नाही ना?"

तिला समजायला क्षणभर लागला. मग तिनं बाळ्याला हळूच खाली ठेवलं.

"घरात दुसरं कोन हाय? मीच हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "मटन मी खाल्लं म्हनता. खाल्लं असंल तर माज्या अंगावर दिसंल की नाय? का हवेत जाईल?" आणि ती काट्यावर पुन्हा चढली, एकटी, दोन्ही हात अंगाशी चिकटवून. "आदी बगा, मंग बोला."

मी वाकलो. काटा एक्केचाळीसवर थांबला होता.

मला वाटलं काटा अडकलाय. मी तिला उतरवून पुन्हा चढवलं. एक्केचाळीस. मी केसपेपरवरच्या त्या चौकोनाकडे बघितलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईकडे बघितलं. गळ्याची हाडं वर आलेली. ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. दर बुधवारी ती माझ्यासमोर उभी राहत होती, आणि मी तिच्या कडेवरच्या जनावराकडे बघत होतो.

"तुम्ही जेवत नाही का हो?" मी विचारलं.

"तुमीच बोललाव ना, घास बंद."

"त्याचा बंद म्हणालो होतो. तुमचा नाही."

"त्याचा काडल्याबगार माजा कसा जाईल?" ती म्हणाली. "तोंड फिरवून बसले, तर तो फिरून म्होरं येतो. न्हानीत दार लावून खाल्लं, तर दाराशी रडतो, रडून रडून हवा गिळतो आनी वकतो. वकला की वजन जातं. तो झोपला म्हंजे खाते कवातरी. पन भाकरी सोडली की वासानं उटतो."

मी केसपेपर पुढे ओढला आणि चौकोनातले शेहेचाळीस खोडले.

"बाळ्याचं किती झालं मंग?" तिनंच विचारलं.

चौसष्टातून एक्केचाळीस. "तेवीस," मी म्हणालो.

"म्हंजे बावीस कवाच झालं?"

मी मनातल्या मनात मागे मोजत गेलो. बाईचं वजन कसं कसं उतरलं असेल, बाळ्याचं कसं चढलं असेल. जेवढं तो चढत होता तेवढंच ती उतरत होती, म्हणून काटा मेला तिथल्या तिथे उभा होता. "झालं असेल," मी म्हणालो, "दोनेक आठवड्यांपूर्वी."

तिनं मान हलवली. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काल पोरीला नेली."

आदल्या दिवशी सकाळी तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या. वाडीपर्यंत गाडी जात नाही. चौघांनी चादरीची झोळी करून तिला उचललं आणि चिखलातून, घसरत, ओढ्यापलीकडे उभ्या असलेल्या टेंपोपर्यंत खाली आणलं. हे सगळं बाईनं काचेतून बघितलं. झोळीबाहेर हिरव्या लुगड्याचा काठ लोंबत होता, तिनंच लेकीला पाठवलेलं लुगडं, म्हणून ओळखलं. बंगल्यातली लाइट तेव्हा तासाभरापासून गेलेली होती. बाळ्या धापा टाकत होता आणि ती त्याला ओल्या फडक्यानं पुसत होती.

"अहो, जायचं होतं मग!" मी म्हणालो. माझ्याच्यानं राहवलं नाही. "कुत्र्यासाठी कोणी असं..."

"तुमीच बोललाव, खड्डा खना."

मी खाली बघितलं.

"पोरीसंगं चार मानसं व्हती," ती म्हणाली. "ह्याच्यासंगं कोन व्हतं? मीच ना." आणि मग इतक्या वेळात पहिल्यांदा ती रडली. बाळ्या तिच्या पायांवर पुढचे पाय ठेवून उभा राहिला आणि घरघरत तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

मुलगी झाली होती, दोघीही सुखरूप होत्या, सरकारी दवाखान्यात. माझ्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. मी सर्टिफिकेट लिहायला घेतलं, मग कागद चुरगळून टाकला. नेरळला वगैरे पाठवायचं म्हणजे पुन्हा चार फोन आले. "बाळ्याला इथे ठेवा," मी म्हणालो. "माझ्या घरी एसी आहे. तुम्ही आत्ता जा." ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. बाळ्याच्या नाकावरची घडी पुसली. "ती वल्ली ऱ्हाऊ देऊ नका, आत चिघळतं," म्हणाली आणि गेली. पळतच गेली म्हणा ना.

मालकीणबाईंना मी फोन करून सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मग त्यांनी बाईला तिनं मागितलेल्या चार दिवसांऐवजी पंधरा दिवस दिले.

ते पंधरा दिवस बाळ्या माझ्याकडे होता. पहिल्या दुपारी मी जेवायला बसलो आणि तो येऊन समोर बसला. तुम्ही कधी बुलडॉगला जेवणाकडे बघताना पाहिलंय का? तो मागत नाही, भुंकत नाही. नुसता बघतो. ते डोळे खाली ओघळलेले, जणू त्याचं काहीतरी आपल्याकडे राहिलंय आणि मागायला त्याला संकोच वाटतोय. मी तोंड फिरवलं. तो फिरून पुढे आला. बायको म्हणाली, "जेवा की, भाजी निवतेय." मी ताट सारलं. घास घशाखाली उतरेना, तिथे सुकट काय आणि श्रीखंड काय. एक महिना, मी मनाशी म्हणालो. बाईनं हे एक महिना काढलं. शेवटी मी त्याच्याच परातीतला भात बाजूला काढून ठेवला आणि आपण जेवायला बसण्याआधी त्यातला एक घास त्याच्यापुढे ठेवला. तो त्यानं घेतला आणि जागेवर जाऊन बसला. इतकं सोपं होतं. जून महिन्यात, तिनं विचारलं तेव्हा, मी फरशीवर दोन मिनिटं तिच्याजवळ बसलो असतो तर हे सुचलं असतं.

बाई परत आली तेव्हा तिला मी हे दाखवलं. ती म्हणाली, "आता शिकलाव," आणि हसली. मग पुढचे तीन महिने बाळ्याचं पोट आणि बाईचं जेवण दोन्ही नीट चाललं.

दिवाळीनंतर बंगला विकला गेला. मालक परदेशी निघाले होते, त्याआधी काही महिने मुंबईला राहणार होते, बाळ्याही त्यांच्याबरोबर. बाई शेवटचं त्याला घेऊन आली ती माझ्याकडून कागद लिहून घ्यायला. "त्यांना ठावं नाय काय," म्हणाली. तिनं सांगायचं आणि मी लिहायचं, असा तो एकच केसपेपर मी आयुष्यात लिहिला. परात पसरट हवी. पाणी थोडं थोडं, एकदम वाडगाभर नाही. खाल्ल्यावर अर्धा तास खेळवू नका. नाकाची घडी कोरडी ठेवा. पोट फुगलं तर डाव्या कुशीवर निजवून हलक्या हातानं चोळा, उजव्या नाही, त्याला आवडत नाही. नवीन काही घातलं तर पाच दिवस वाट बघा. "आनी लिवा," ती म्हणाली, "बाळ्या म्हनून हाक मारली तर येतो." हेही मी लिहिलं. सहीही केली.

त्यानंतर ती यायची बंद झाली. बुधवारी टेबल पुसताना मला उगाच वाटायचं, पुडी येईल.

उन्हाळ्यात एक दिवस दारात उभी. कडेवर नात, मागे लेक. नातीला सुई टोचायला सरकारी दवाखान्यात आल्या होत्या. अंगानं भरली होती. "बाळ्याचं काय कळलं का?" तिनं आल्या आल्या विचारलं. मला काहीच कळलं नव्हतं. मी दोनदा फोन लावला होता, नंबर बंद होता. तसं सांगितलं.

"घास काडते अजून त्याचा," ती म्हणाली. "सवय हाय. कावळं खातात."

मग तिची नजर काट्याकडे गेली. नातीला घेऊन ती त्यावर चढली. मी सवयीनं वाकलो, आकडा बघितला, त्रेपन्न, आणि वजा करायला पेन शोधू लागलो.

"थांबा," ती म्हणाली. खाली उतरली, नातीला माझ्या हातात दिलं आणि काट्यावर एकटी उभी राहिली, सरळ, दोन्ही हात अंगाशी.

"आदी माजं बगा."

नात माझ्या शर्टाचं बटण ओढत होती. तिला सांभाळत मी वाकलो आणि बघितलं. शेहेचाळीस होते.